फादर ब्राऊनच्या पहिल्या बारा गोष्टी : चोर सापडल्यावर काय करायचं?

नागकेशर

गुप्तहेरकथा म्हटलं की आपली गाडी बेकर स्ट्रीटवरून सुटते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. भालबा केळकरांच्या अनुवादांमुळे होम्स मराठी घराघरांत पोचला आणि त्याच्यावर आपलं प्रेम आहेच. पण होम्सच्या नव्या कथा अजून मासिकांत येत होत्या, त्याच काळात लंडनमध्ये आणखी एक गुप्तहेर जन्माला आला. त्याच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं, म्हणून हा धागा.

पुस्तक आहे 'द इनोसन्स ऑफ फादर ब्राऊन', लेखक जी. के. चेस्टरटन, साल १९११. एकूण बारा कथा. नायक इसेक्समधल्या एका चर्चचा साधा कॅथलिक धर्मगुरू. बुटका, गोल चेहऱ्याचा, हातात कायम खाली पडणारी मोठी छत्री आणि दोरीने बांधलेली खाकी कागदाची पुडकी. आगगाडीच्या डब्यात सगळ्यांना सांगत सुटतो की माझ्या पुडक्यात निळ्या खड्यांची खरी चांदीची वस्तू आहे. बघणाऱ्याला वाटावं, याला कुणीही सहज लुटेल.

आणि लुटायला जो येतो तो काही साधा भामटा नाही. फ्लँबो! सहा फूट चार इंच उंचीचा फ्रेंच चोर. यानं लंडनमध्ये एक दूध कंपनी चालवली होती. गोठा नाही, गाय नाही, गाडी नाही, दूध नाही, गिऱ्हाइकं मात्र हजारभर. लोकांच्या दारातल्या दुधाच्या बरण्या उचलायच्या आणि स्वतःच्या गिऱ्हाइकांच्या दारात नेऊन ठेवायच्या, एवढाच धंदा. एका माणसाला सापळ्यात ओढण्यासाठी यानं रातोरात अख्ख्या रस्त्यावरच्या घरांचे नंबर नव्याने रंगवले होते. चेस्टरटनचा या चोरावर जीव आहे हे पहिल्या दोन पानांतच कळतं.

पहिल्या कथेतला, 'द ब्लू क्रॉस'मधला, एक प्रसंग सांगते. (पुढे या कथेचा रहस्यभेद आहे. वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा.) पॅरिसच्या पोलिसांचा प्रमुख व्हॅलेंटिन फ्लँबोच्या मागावर लंडनला येतो. हातात काहीच धागादोरा नाही. एका उपाहारगृहात कॉफीत साखर घालतो तर ते मीठ निघतं. भिंतीवर सूप फेकल्याचा डाग आहे. पुढे एका फळवाल्याच्या संत्र्यांवर ब्राझील नटची पाटी आणि नटांवर संत्र्यांची. त्याहून पुढे एका हॉटेलात दोन पाद्री जेवून गेलेत. बिल चार शिलिंगांचं, पण कागदावर चौदा झालेत आणि त्यांनी ते मुकाट्याने दिलेत. जाताना त्यातला बुटका म्हणाला, हिशेबात गोंधळ केल्याबद्दल माफ करा, खिडकीचे पैसे त्यात धरा. मालकाने विचारलं, कुठली खिडकी? तो म्हणाला, जी मी आता फोडणार आहे ती. आणि छत्रीने काच फोडून निघून गेला.

हा सगळा वेडेपणा फादर ब्राऊनने मुद्दाम केलेला असतो. पोलिसांना माग मिळावा हा एक हेतू, पण मला त्याचा दुसरा हेतू जास्त आवडतो. बरोबरचा 'पाद्री' खरा की खोटा हे त्याला पारखायचं होतं. कॉफीत मीठ लागलं की माणूस आरडाओरडा करतो. तिप्पट बिल आलं की भांडतो. जो गप्प बसतो त्याच्याकडे गप्प बसण्याचं काहीतरी कारण असतं. राखेचा नमुना नाही, भिंग नाही, बुटांचे ठसे नाहीत. माणूस कुठे चिडायला हवा होता आणि चिडला नाही, यावरून उलगडा!

आता माझा मुख्य मुद्दा. या पुस्तकात बाराही कथांत मिळून फादर ब्राऊनला चोर 'पकडण्यात' फार थोडा रस आहे. 'द क्वीअर फीट'मध्ये तो फ्लँबोला गाठतो, चोरलेले चांदीचे काटे-सुऱ्या परत घेतो आणि त्याला जाऊ देतो. 'द फ्लाइंग स्टार्स'मध्ये हिरे घेऊन झाडावर चढलेल्या फ्लँबोशी खाली उभं राहून बोलतो. त्या बोलण्याचा आशय असा, की चांगुलपणा एका पातळीवर टिकवून धरता येतो, वाईटपणा कुणालाच एका पातळीवर टिकवता आलेला नाही, तो रस्ता खालीच जातो. वरून हिरे खाली पडतात. 'द हॅमर ऑफ गॉड'मध्ये खुनी कोण हे कळूनही तो पोलिसांना सांगत नाही, पुढचं त्या माणसावर सोपवतो. आणि पाचव्या कथेपासून फ्लँबो खासगी गुप्तहेर होऊन फादर ब्राऊनबरोबर हिंडायला लागतो.

गुप्तहेरकथेत बेड्या पडल्या की गोष्ट संपते. इथे खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी वाचलंय त्यांनी आवडती कथा सांगा.

एकच विनंती : दुसऱ्या कथेबद्दल, 'द सीक्रेट गार्डन'बद्दल, इथे काहीही फोडू नका. तो धक्का ज्याचा त्याने घ्यावा.

पिंपळपान

वाचनखूण साठवली. दूध कंपनीवरच मी खूश झालोय. सावकाश वाचून प्रतिसाद देतो.

लोलक

धागा आवडला, पण थोडा विरोधी सूर लावतो.

मी या कथा वाचल्यात आणि कोडं म्हणून बघितलं तर त्यातल्या काही मला पटत नाहीत. 'द हॅमर ऑफ गॉड'च घ्या. (रहस्यभेद!) एका लहानशा हातोडीने कवटीचा चक्काचूर झालाय, एवढी ताकद कुणात आहे असा प्रश्न. उत्तर : हातोडी चर्चच्या उंचावरून खाली टाकली. वेगाचा मुद्दा ठीक आहे. समजा उंची ३० मीटर. खाली पोचताना वेग ताशी सुमारे ८७ किलोमीटर होतो, लोखंडाचा तुकडा त्या वेगाने डोक्यात बसला तर माणूस वाचणं कठीण. पण ३० मीटर पडायला अडीच सेकंद लागतात. अडीच सेकंदांत खालचा माणूस पाऊलभर सरकला तर हातोडी जमिनीत. शिवाय हातातून सुटताना जरा कोन बदलला की खाली हातभर फरक. पहिल्याच फटक्यात अचूक नेम बसला हे मानायला मला जड जातं.

'द इनव्हिजिबल मॅन'चंही तेच. चार माणसं दारावर लक्ष ठेवून आहेत आणि चौघंही म्हणतात कुणी आत गेलं नाही. बर्फात पावलं उमटलेली आहेत तरी!

होम्सच्या कथांत एवढी सूट घेतलेली मला आठवत नाही. (ठिपक्यांच्या पट्ट्याची कथा सोडून. तिथला साप दूध पितो, शिट्टी ऐकतो आणि दोरावरून खालीवर करतो.)

नागकेशर

लोलक, गणित मांडलंत ते फार छान झालं. नेमाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण त्या कथेत चेस्टरटनला हातोडी कशी पडली यापेक्षा ती टाकावीशी का वाटली हे सांगायचंय. खुनी स्वतः धर्मोपदेशक आहे. तो लोकांबरोबर जमिनीवर गुडघे टेकून प्रार्थना करण्याऐवजी एकटाच उंच सज्जात जाऊन प्रार्थना करायला लागतो. तिथून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. त्याचा दुराचारी भाऊ हिरवी टोपी घालून खालून जातोय आणि वरून ती टोपी म्हणजे सरपटणारा हिरवा किडा वाटतो. किडा चिरडायला कितीसा वेळ लागतो? आपण देवाच्या जागी आहोत असं त्याला क्षणभर वाटलं आणि हातोडी सुटली. तुम्ही जी ३० मीटर उंची धरलीत, तीच त्याच्या मनावर चढली.

आणि फादर ब्राऊनला हे कसं कळलं? तो माणूस घाबरून विचारतो, तू सैतान आहेस का? फादर ब्राऊन म्हणतो, मी माणूस आहे, म्हणजे सगळे सैतान माझ्या मनात आहेतच. मला हे वाक्य अख्ख्या पुस्तकाचा पाया वाटतं.

वसईचा वारा

नागकेशर, फादर आमच्या गल्लीतले असल्यासारखं वाटलं म्हणून लिहितोय. :)

मी वसईचा कॅथलिक, घरात मराठी, चर्चमध्ये मिस्सा (मुख्य उपासना) मराठीत. त्यामुळे या कथांतली एक गोष्ट मला जरा वेगळी दिसते ती सांगतो.

आमच्याकडे पापांची कबुली द्यायला जातात तेव्हा मध्ये लाकडी जाळी असते, पलीकडे फादर बसलेले असतात. तिथे जे बोललं जातं ते फादर कधीच, कुणालाही सांगू शकत नाहीत. कोर्टात उभं केलं तरी नाही. मोडलं तर त्यांना थेट धर्मबहिष्काराची शिक्षा आहे. चेस्टरटनने हे फार काळजीपूर्वक पाळलंय. 'द क्वीअर फीट'मध्ये फादर ब्राऊन त्या हॉटेलात का आलेला असतो, आठवा. एका इटालियन वेटरला झटका आलाय, तो मरणाच्या दारात आहे आणि त्याची कबुली ऐकायला फादरला बोलावलंय. त्या वेटरने काय सांगितलं हे आपल्याला कधीच कळत नाही. लेखकही सरळ सांगतो की फादरने ते स्वतःपाशीच ठेवलं. रहस्यकथेचा लेखक एक आख्खं रहस्य तसंच बंद ठेवतो.

दुसरं, नागकेशर म्हणतात की फादर ब्राऊन फ्लँबोला 'जाऊ देतो', ते मला पूर्ण पटत नाही. आमच्या शिकवणुकीत कबुली म्हणजे 'चुकलं' म्हटलं आणि मोकळं झालं असं नसतं. मनापासून पश्चात्ताप हवा, तोंडाने कबुली हवी आणि जे नुकसान केलं त्याची भरपाई हवी. चोरी केली असेल तर चोरलेलं परत करावंच लागतं. म्हणून बघा, दोन्ही कथांत फादर ब्राऊन आधी माल परत मागतो. चांदी परत आली, हिरे परत आले. शेवटची पायरी पूर्ण झाल्यावरच फ्लँबो मोकळा. 'हॅमर'मध्ये तर भरपाई शक्य नाही, भाऊ मेलाय. तिथे उरतं ते स्वतःहून पोलिसांसमोर जाणं, आणि तो जातो. फादर ब्राऊन त्याला 'अजून तू फार पुढे गेलेला नाहीस' म्हणतो, कारण खुनाचा आळ दुसऱ्यावर ढकलायची वेळ आली तेव्हा त्याने गावातल्या वेडसर मुलाकडे बोट दाखवलं. त्याला शिक्षा होणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच. एवढ्या अंधारात तेवढा एक चांगुलपणाचा कवडसा फादरने टिपला.

आणखी एक. फादर ब्राऊन हा खऱ्या माणसावरून घेतलाय, फादर जॉन ओकॉनर, यॉर्कशायरमधले. चेस्टरटन त्यांच्याबरोबर माळरानावर फिरायला गेला असताना गप्पांत गुन्हेगारीचा विषय निघाला. या शांत पाद्र्याला जगातली काय काय भीषण कृत्यं माहीत आहेत हे ऐकून तो चाट पडला. नंतर ते एका घरी गेले. तिथे केंब्रिजचे दोन तरुण विद्यार्थी होते. फादर खोलीबाहेर गेल्यावर त्यांच्यात बोलणं झालं की माणूस हुशार आहे, पण असं मठात कोंडून राहून यांना जगातल्या खऱ्या दुष्टपणाची काय कल्पना असणार! चेस्टरटनला हसू आवरेना. पहिल्या कथेत फ्लँबोही हाच समज करून घेतो आणि फसतो. ओकॉनरनीच पुढे १९२२ मध्ये चेस्टरटनला कॅथलिक चर्चमध्ये घेतलं. म्हणजे हे पुस्तक लिहिलं तेव्हा तो कॅथलिक नव्हताच.

नागकेशर

वसईचा वारा, भरपाईची पायरी! मी हे पुस्तक इतक्यांदा वाचलंय पण हे असं जोडलं नव्हतं. मनापासून आभार.

मधुमालती

'इनव्हिजिबल मॅन'वर लोलक यांनी आक्षेप घेतलाय, तर त्याच कथेची बाजू घेते. माझ्या मते ती या पुस्तकातली सर्वांत मोठी कथा आहे. (रहस्यभेद आहेच.)

खून करून गेलेला माणूस पोस्टमन होता. दारावरच्या चौघांपैकी कुणी खोटं बोललेलं नाही. त्यांनी पोस्टमनला पाहिलं, पण 'कुणी' म्हणून मोजलं नाही. फादर ब्राऊन ते समजावताना एक उदाहरण देतो. मोठ्या बंगल्यातल्या बाईला मैत्रिणीने विचारलं, तुमच्याकडे सध्या कोणी राहतंय का? ती म्हणेल, नाही, आम्हीच आहोत. बटलर, नोकर, मोलकरीण सगळे घरात असूनही. पण साथीच्या रोगाच्या वेळी डॉक्टरने विचारलं, घरात कोण कोण आहे, की तिला लगेच सगळे आठवतील.

हे वाक्य १९११ च्या पुस्तकातलं आहे आणि आपण ते २०२० मध्ये जगलो. आमच्या सोसायटीत तेव्हा फ्लॅटवार यादी मागितली होती, घरात येणारे-जाणारे सगळे लिहा. त्याआधी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आमच्याकडे कोण येतंय, आम्ही तिघंच. यादी करायला बसले आणि कागद भरला. पोळ्यांच्या मावशी, केर-लादीच्या ताई, दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणारा दादा, इस्त्रीवाल्याचा मुलगा, गाडी पुसणारा. यातल्या दोघांची नावं मला माहीत नव्हती, वर्षानुवर्षं दारात येऊनसुद्धा. त्यानंतर ही कथा पुन्हा वाचली तेव्हा चौघा पहारेकऱ्यांवर अविश्वास दाखवणं मला जमलं नाही. लोलक, तुमच्या इमारतीत काल दुपारी कोण कोण आलं हे वॉचमनला विचारून बघा. डिलिव्हरीवाले तो मोजतो का ते बघा.

'क्वीअर फीट'ही ह्याच जातीची. बड्या लोकांच्या क्लबचं जेवण. वेटर आणि सभासद दोघांचा पोशाख तोच, काळा कोट. फ्लँबो सभासदांपुढे वेटरसारखा लगबगीने चालतो, वेटरांपुढे सभासदासारखा रेंगाळत. दोन्ही बाजूंना तो आपल्यातला वाटत नाही, पण खटकतही नाही, कारण दोन्ही बाजू एकमेकांच्या तोंडाकडे बघतच नाहीत. शेजारच्या बंद खोलीत लिहीत बसलेल्या फादर ब्राऊनला फक्त पावलं ऐकू येतात. आधी भरभर चवड्यांवर, मग संथ आणि जड. बूट तेच. एकच माणूस दोन चाली का चालतोय? एवढ्यावरून पूर्ण चोरी उलगडते. शेवटी एक सभासद ठरवतो की आपण यापुढे हिरवा कोट घालायचा, म्हणजे आपल्याला कोणी वेटर समजणार नाही. एवढं होऊनही तो तेवढंच शिकला.

चेस्टरटनला नोकरमाणसांबद्दल खरी आस्था होती आणि श्रीमंतांवर खरा राग. तो राग या दोन कथांत धगधगतोय.

लोलक

मधुमालती, वॉचमनला विचारलं. तुमचा मुद्दा मान्य. :)

उत्तररंग

सगळं कौतुक वाचलं, त्यातलं बरंचसं मलाही मान्य आहे. पण एक भारतीय वाचक म्हणून 'द राँग शेप'बद्दल बोललं गेलं पाहिजे.

त्या कथेत एका इंग्रज कवीच्या घरी एक भारतीय योगी राहतोय. पूर्वेकडची एक वाकडी सुरी दिसते आणि फादर ब्राऊन म्हणतो की हिचा आकारच चुकीचा आहे, दुष्ट आहे. गालिच्यांच्या नक्षीतही त्याला पाप दिसतं. त्या योग्याला कथेत धड नावसुद्धा नाही. पोस्टमनला माणूस म्हणून बघा असं सांगणारा लेखक इथे स्वतःच एका माणसाला सावली करून टाकतो. मधुमालतींनी जे म्हटलंय त्याच्या शेजारी हे ठेवून बघा. पुढच्या संग्रहांत काळ्या माणसांबद्दल जे येतं ते आणखी वाईट आहे. ज्यूंबद्दलचे त्याचे पूर्वग्रह तर प्रसिद्धच आहेत.

हेही प्रामाणिकपणे नोंदवतो की त्या कथेत खून योग्याने केलेला नाही. (रहस्यभेद.) खुनी निघतो तो इंग्रज डॉक्टर. संशय परक्यावर जाईल असं वाचकाला खेळवून लेखक शेवटी आपल्याच माणसाकडे बोट दाखवतो. 'द साइन ऑफ द ब्रोकन स्वोर्ड' तर याहून धाडसी आहे. ज्याचे पुतळे इंग्लंडभर उभे आहेत अशा एका सेनापतीची ती कथा. भारतात नोकरी केलेला, बायबल हातातून न सोडणारा. फादर ब्राऊन आणि फ्लँबो थंडीच्या रात्री त्याच्या थडग्यापाशी जातात आणि एकेक पदर सुटत जातो. शहाणा माणूस झाडाचं पान कुठे लपवतो? जंगलात. आणि जंगल नसेल तर? मग तो जंगल उगवतो. याचा अर्थ कळतो तेव्हा अंगावर काटा येतो. साम्राज्य भरात असताना, १९११ मध्ये, इंग्रज वाचकांपुढे एका राष्ट्रवीराचं असं चित्र ठेवायला हिंमत लागते.

या माणसात हे दोन्ही एकत्र होतं. सप्टेंबर १९०९ मध्ये त्याने 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये भारतीय राष्ट्रवादावर लेख लिहिला. त्याचं म्हणणं साधारण असं, की हे लोक मागतात ते सगळं इंग्रजी थाटाचं, त्यात भारतीय असं फारसं काही नाही. गांधीजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी तो वाचला, तो त्यांना भिडला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या 'इंडियन ओपिनियन' साप्ताहिकाच्या वाचकांसाठी त्यांनी त्याचा गोषवारा गुजरातीत दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज्य' लिहून काढलं. भारताने भारतासारखं असावं असं म्हणणारा हा लेखक, आणि भारतीय सुरीचा आकार बघून दचकणाराही हाच.

मी पुस्तक टाकून द्या म्हणत नाही. ती कथा आली की डोळे उघडे ठेवा एवढंच.

नागकेशर

उत्तररंग, तुमच्याशी पूर्ण सहमत. 'राँग शेप' मला या संग्रहातली सर्वांत कमकुवत कथा वाटते, आणि कारण तुम्ही सांगितलंत तेच. फादर ब्राऊनची सगळी ताकद समोरच्या माणसाच्या मनात शिरण्यात आहे. पुढे १९२७ च्या संग्रहात तो स्वतःच सांगतो की हे सगळे खून मीच केले, म्हणजे मनातल्या मनात त्या खुन्यासारखा विचार करत गेलो, पार तो झालो, तेव्हा कळलं. या कथेत तो त्या योग्याच्या मनात शिरायचा प्रयत्नच करत नाही, बाहेरूनच घाबरतो. त्याच्याच कसोटीवर ती कथा नापास होते.

आजोळ

आम्ही लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तिकांवर वाढलो. त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड. कायद्याच्या पलीकडचा माणूस, पण आमच्या मनात नायक तोच. वाचनालयात नवी आली की नंबर लागायचा. त्यामुळे फ्लँबो भेटला तेव्हा मला तो मुळीच परका वाटला नाही. दोन पोलिसांना दोन बगलांत धरून पॅरिसच्या रस्त्यावरून पळणारा! फरक एवढाच की आमचे नायक शेवटपर्यंत तसेच राहिले, वय वाढलं नाही, मन बदललं नाही. फ्लँबो चौथ्या कथेत बदलतो आणि बदललेलाच राहतो. मालिकेतल्या पात्राला असं बदलू देणं मी त्या काळच्या लेखनात फारसं पाहिलेलं नाही.

माझी आवडती कथा अजून कुणी घेतली नाही म्हणून सांगतो, 'द ऑनर ऑफ इस्रायल गाऊ'. स्कॉटलंडमधला पडका किल्ला, शेवटचा उमराव मेलाय, एकच बहिरा नोकर उरलाय. घरात सापडतं काय? कोंदणाशिवाय हिरे, डबीशिवाय तपकीर, शमादानाशिवाय मेणबत्त्या. या तिन्हींना जोडून दाखवा असं आव्हान दिलं की फादर ब्राऊन तिथल्या तिथे तीन-चार वेगवेगळी स्पष्टीकरणं देतो, एकापेक्षा एक पटणारी, आणि लगेच म्हणतो, यातलं एकही खरं नाही. खोटे सिद्धान्त दहा बसवता येतात, त्याने ते खरे होत नाहीत.

खरं उत्तर (रहस्यभेद) इतकं साधं आहे. गाऊ मुलगा असताना उमरावाने त्याला चुकून फार्दिंगऐवजी (पाव पेनीचं तांब्याचं बारकं नाणं) सोन्याची मोहर दिली. मुलगा ती परत द्यायला आला, आणि हातात हिशेबाने उरलेली मोड : एकोणीस शिलिंग, अकरा पेनी आणि तीन फार्दिंग. दिलेला शब्द पैशापैशाने पाळणारा माणूस. उमरावाने मृत्युपत्रात त्याला घराण्याचं सगळं सोनं दिलं. त्याने सोनं तेवढं घेतलं. कोंदणं, डब्या, शमादानं. हिऱ्यांना हात लावला नाही, तपकीरसुद्धा नेली नाही. मेलेल्या उमरावाची कवटी उकरली तीही दातातल्या सोन्यासाठी, आणि नंतर नीट पुरून टाकली. भुताटकीसारखी सुरू झालेली गोष्ट, आणि त्यात गुन्हाच नाही.

वसईचा वारा

आजोळ काका, ही कथा मी घाईत वाचली होती. आज पुन्हा वाचतो.

सिनेमाचं कुणी विचारणार असेल तर आधीच सांगून ठेवतो. १९५४ मध्ये अॅलेक गिनेसने फादर ब्राऊनचं काम केलं. फ्रान्समध्ये चित्रीकरण चालू असताना एका संध्याकाळी तो पाद्र्याच्या झग्यातच मुक्कामी परत चालला होता. एका अनोळखी लहान मुलाने त्याला खरा फादर समजून त्याचा हात धरला, बडबड करत बरोबर चालला आणि आपलं वळण आल्यावर निघून गेला. त्या मुलाचा तो विश्वास गिनेसच्या मनात राहिला. दोन वर्षांनी तो स्वतः कॅथलिक झाला आणि आत्मचरित्रात त्याने हा प्रसंग लिहिलाय. बीबीसीची २०१३ पासूनची मालिका बघायला बरी आहे, पण तिचा काळ १९५० नंतरचा आणि बऱ्याच कथा नव्या रचलेल्या. पुस्तक समजून ती बघू नका.

पिंपळपान

धागा पूर्ण वाचला. पुस्तक कुठे मिळेल आणि कुठून सुरुवात करू? इंग्रजी जड आहे का?

नागकेशर

पिंपळपान, चेस्टरटन १९३६ मध्ये गेला, त्यामुळे आपल्याकडे त्याचं लेखन केव्हाच स्वामित्वहक्कातून मोकळं झालंय. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर अख्खं पुस्तक फुकट आहे, ऐकायचं असेल तर लिब्रिव्हॉक्सवरही आहे. हक्काची अडचण नसल्यामुळे इथल्या अनुवाद करणाऱ्यांनी एखादी कथा हाती घ्यावी असं फार वाटतं. 'इस्रायल गाऊ' कुणी मराठीत आणली तर मी मुद्रितशोधन करायला तयार आहे.

इंग्रजी होम्सपेक्षा थोडं जड आहे. चेस्टरटन चित्रकला शिकलेला होता आणि ते पानापानावर दिसतं. प्रत्येक कथेच्या सुरुवातीला आकाश, उजेड, संध्याकाळचा रंग यांचं लांब वर्णन येतं. घाई असेल तर तिथे कंटाळा येईल, पण ते वगळू नका. कुठल्या कोनातून काय दिसतं आणि काय दिसत नाही हे तो त्याच वर्णनात पेरून ठेवतो. 'हॅमर'मधली चर्चची उंची अशीच आधी सांगून झालेली असते.

क्रम मात्र छापलेलाच ठेवा, निदान पहिल्या पाच कथांसाठी तरी. 'ब्लू क्रॉस' झाली की लगेच 'सीक्रेट गार्डन', मध्ये दुसरं काही वाचू नका. तिसरी आणि चौथी फ्लँबोची, पाचवीत तो गुप्तहेर झालेला असतो. त्याचा पत्ता आहे लखनौ मॅन्शन्स, हॅम्पस्टेड, आणि त्याच कथेतला दुसरा माणूस राहतो हिमालय मॅन्शन्समध्ये! उरलेल्या सात कशाही क्रमाने चालतील. 'सीक्रेट गार्डन' संपली की इथे फक्त 'वाचली' एवढं लिहा, मी व्यक्तिगत निरोप पाठवते. तिच्यावर मला बरंच बोलायचंय.